होडीतली ओली जागा

मी प्लायवुड बोलतोय. कपाटाचा नव्हे, होडीच्या तळाचा. माझं असं एक झाड कधी नव्हतंच. कितीतरी खोडं यंत्रावर सोलली, ते पातळ थर आडवे-उभे चिकटवले, वरून गरम दाब दिला आणि मी झालो.

मिस्त्री दुकानात आला तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. होड्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्यानं माझी गुळगुळीत बाजू पाहिलीच नाही, आधी कडा पाहिल्या. थरांमध्ये फट नाही ना, म्हणून नख फिरवलं. मग बोटांनी ठोकत, कान लावत सगळ्या अंगावरून फिरला. आवाज कुठे पोकळ आला नाही, तरी त्याचं समाधान होईना. माझा एक कोपरा कापून नेला आणि पातेल्यात दिवसभर उकळला. थर सुटले नाहीत, तेव्हा कुठे मला घ्यायला आला.

"घरच्याच होडीला लावायचाय," तो म्हणाला. मला हातगाडीवर चढवायला दुकानदारानं मदत केली, पण माझ्याकडे बघायचं टाळलं.

शेडमध्ये कळलं ते असं. होडी मिस्त्रीच्या थोरल्या भावाची. तो लोकांना नदीपलीकडे सोडायचा. एका संध्याकाळी होडी परत आली, तो आला नाही. तळाला हातभर भोक, तरी आत पाण्याचा थेंब नाही. आणि दोर खुंटाला बांधलेला, त्याच्याच गाठीनं.

वहिनी रोज शेडमध्ये येऊन बसायची. "भावोजी, होडी मीच चालवणार," ती म्हणाली. "शाळा, दवाखाना, सगळं पलीकडे. लोकांनी किती दिवस वळसा घालायचा?"

पुठ्ठ्याचा साचा काढून मिस्त्रीनं मला बेतलं. पाणी शिरतं ते कडेनं, म्हणून कडांना रेझिन पाजलं, वाळू दिलं, पुन्हा पाजलं. मग मधल्या बाकाखाली, त्या भोकावर, पितळी स्क्रूंनी मला पक्कं बसवलं.

दुसऱ्या सकाळी मी ओला होतो. होडी ठोकळ्यांवर, पाण्यापासून लांब, आणि छप्पर धड. मिस्त्रीनं मला पुसलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. ओल आतल्या बाजूनं, आणि दोन पावलांच्या आकाराचीच. एकदा मिस्त्रीनं त्यावर आपलं पाऊल ठेवून पाहिलं. ओल त्याहून मोठी निघाली. थोरल्याचे जुने जोडे त्याला नेहमी सैल व्हायचे.

"वहिनी, ही मोडून टाकू. मी दुसरी बांधून देतो."

"का?"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. वहिनीनं ते ओले ठसे पाहिले. मग होडीत चढली, मधल्या बाकाच्या टोकाला बसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून, घरात बोलावं तशी बोलली.

"अहो, जायचं असेल तर जा. राहायचं असेल तर राहा, मी नको म्हणणार नाही. पण रोज अशी ओल केलीत तर भावोजींची मेहनत वाया जाईल. मला माणसं न्यायचीत. तेवढं बघा."

त्यानंतर मी खडखडीत कोरडा. "गेला," मिस्त्री म्हणाला आणि तोंड फिरवून रडला. वहिनी वल्हं पुसायला लागली.

होडी पाण्यात सोडली तेव्हा वल्ह्यावर ती एकटीच होती. काठावरून मिस्त्री बघत होता. एका माणसाला होडी किती दबते, हे त्याला पक्कं ठाऊक. होडी दोघांइतकी दबली होती.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मधला बाक रिकामा ठेवा."

"ठेवणारच होते."

आता मी जुना झालोय. रेझिन अजून धरून आहे. एकदा भर प्रवाहात होडी कलंडायला आली, तेव्हा माझ्यावरचा भार चटकन दुसऱ्या बाजूला सरकला आणि होडी सावरली. सगळ्यांनी वहिनीच्या वल्ह्याचं कौतुक केलं. तीही हसली, पण बघत होती मधल्या बाकाकडे.

तुम्हीही या कधी, पलीकडे जायचं झालं तर. फक्त मधल्या बाकाखाली पाय पसरू नका. तिथं कुणाचे तरी आधीच टेकलेले आहेत.