मला केडगावात धुतलं

“गरम पाण्यानं? आई, तू ते मेण गरम पाण्यानं काढलंस?”

“मग काय दातानं काढू? सोड्यानं घासला बी. वास किती मारत हुता त्याला. घासला, गच्चीवर उन्हात वाळवला, आन् मंग वेलदोडे कुटाय घेतला. बत्ता म्हनून बी कामाचा न्हाई तो. वाळू गळतीया त्याची.”

स्टेला पाटावर बसली. मरियाबाई कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आपण काही चुकलोय हे मान्य करायची तिला सवय नव्हती, आणि ऐंशीव्या वर्षी ती लावून घ्यायचा विचारही नव्हता.

ज्या वस्तूवरून हे चाललं होतं ती मी. आधीच सांगते, मी बत्ता नाही. मी वाळूच्या खडकाची कांडी आहे, मुठीत मावेन एवढी, आणि या घरात, या गावात, सगळ्यांत म्हातारी मीच आहे.

कोणे एके काळी मी नदीची वाळू होते. वर थरावर थर बसले, मी खाली खाली गेले, दबून खडक झाले. माझ्या कणाकणांच्या मधे पाणी होतं. मग खालून वायू आला आणि जागा मागू लागला. मोकळ्या जागेतलं पाणी निमूट निघून गेलं. बारीक फटींतलं मात्र हललं नाही. ते माझ्या अंगाला धरून राहिलं. वर डोंगर उठले, झिजले, समुद्र आले, गेले. त्या काळोखात मला सोबत म्हणून होतं ते एवढंच. दगडाला एकटेपण कळत नाही असं समजणारे खुशाल समजोत.

मग माणसांनी परराज्यात समुद्राकाठी वायूसाठी विहीर खोदली आणि मला वर काढलं. विजेच्या यंत्रानं मोजणाऱ्यांनी सांगून टाकलं, या थरात अर्ध्याहून जास्त पाणी आहे, वायू काढायला जाल तर पाणीच हाती येईल, विहीर बुजवा. त्या विहिरीवर खडक तपासणारी स्टेला एकटी आडवी आली. पाणी आहे, ती म्हणाली, पण ते धरलेलं पाणी आहे, ते जागचं हलणार नाही, येईल तो वायूच. तिचे वरिष्ठ हसले. सिद्ध करून दाखवा, म्हणाले.

सिद्ध करायचं यंत्र पुण्याला आहे. दवाखान्यातल्या एमआरआयची ती चुलत बहीण, नाव एनएमआर. ते मला कापत नाही की जाळत नाही. चुंबकाच्या जोरावर पाण्यातले हायड्रोजनचे कण एका दिशेला वळवतं, रेडिओसारख्या लहरीचा हलका धक्का देतं, आणि ते पुन्हा जागेवर यायला किती वेळ घेतात ते ऐकतं. मोकळ्या जागेतलं पाणी रेंगाळतं. फटीत भिंतीला चिकटलेलं लगेच शांत होतं. त्यावरून कळतं, एकूण पाणी किती, त्यातलं धरलेलं किती आणि वाहणारं किती.

माझ्या शेजारून कापलेली दुसरी कांडी, माझी बहीण, आधी पुण्याला गेली होती. तिला तिथं कुणीतरी कडक भट्टीत वाळवलं. आमच्या फटींत मातीचे कोळिष्टकासारखे तंतू असतात, पाणी तेच धरून ठेवतात. भट्टीत ते कोसळले. मग ती काय साक्ष देणार? उरले मी. मला प्लॅस्टिकमध्ये, वर चंदेरी कागदात गुंडाळून मेणात बुडवलं, आतलं पाणी आतच राहावं म्हणून. स्टेलानं कुणाच्या हाती मला दिलं नाही. स्वतःच्या बॅगेत घालून रेल्वेनं नगरला उतरली. दुपारपर्यंत केडगावात आईकडे, मग पुणे, असा बेत होता. वर्षातून एकदा येते ती, तीही अशी वाटेत. आली, आंघोळ केली आणि प्रवासाच्या शिणानं झोपली.

मरियाबाईनं लेकीचे कपडे धुवायला बॅग उघडली. लेक किती का मोठी होईना, तिचे कपडे केडगावात आले की तीच धुते. त्यात मी सापडले. आता तिची बाजूही ऐका, कारण भांडणात ती तिनं सांगितली नाही. तिचा बत्ता पायरीवर पडून दुभंगला होता. फोनवर तिनं ते दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा स्टेला “हं” म्हणाली होती. म्हातारीनं मला हातात घेऊन तोललं. एवढं गुंडाळून दिलंय म्हणजे चांगल्यातला असणार, असं पुटपुटली. मग कितीतरी वेळ तशीच खुर्चीवर बसली, मला मांडीवर घेऊन. तिचे यजमान यशयाबाबा गेल्यापासून त्या घरात तिच्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं.

मग तिनं मला धुतलं. नळाच्या पाण्यानं आणि उन्हानं माझी जुनी सोबत तासा-दोन तासांत नेली. आता मी ओट्यावर पडलेय, अंगाला वेलदोड्याचा वास. इतकी रिकामी मी कधीच नव्हते.

स्टेला बरंच बोलली. तुला प्रत्येक गोष्ट घासायची असते, विचारायचं नसतं, म्हणाली. मरियाबाईनंही सोडलं नाही. पाच मिनिटं जागी राहिली असतीस तर विचारलं असतं, म्हणाली. दगडाला मेणात जपतेस, माणसाला “हं” करतेस.  

मग स्टेला हळू आवाजात म्हणाली. “मिठाचं पाणी तयार करून हिच्यात भरता येईल. हवं तेवढंच ठेवता येईल. पाणी कुठलं, ते यंत्र विचारत नाही.”

“आन् त्यांना काय सांगशील?”

“विहिरीतलंच आहे म्हणून. आकडा खोटा नसेल आई. मला माहीत आहे तो किती यायला हवा. फक्त पुरावा गेलाय.”

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. रिकामी ठेवा मला, फेकून द्या, वेलदोडे कुटा. पण दुसऱ्याचं पाणी माझ्या अंगात भरून ते माझं म्हणू नका. मी खोटी साक्ष द्यायला एवढ्या खोलातून वर आले नाही.

मरियाबाईनं मला उचललं आणि लेकीच्या पुढ्यात ठेवलं. “ह्ये खोटं हाय,” एवढंच म्हणाली.

“मग अहवालात काय लिहू?” स्टेलाचा आवाज फाटला. “माझ्या आईला हा बत्ता वाटला? सगळे हसतील. एक दगड हिच्यानं सांभाळला गेला नाही म्हणतील, आणि विहीर बुजवतील.”

म्हातारीनं पदराला हात पुसले.

“हसू दे की. तू लिही, मरिया यशया भिंगारदिवे, राहणार केडगाव, हिनं धुतला, आन् ज्याला इचारायचं आसंल त्यानं मला येऊन इचारावं.”