आठव्या पायरीवरची खुर्ची

आईला जिन्यात टांगून ठेवणारा मुलगा थोरलीने तरी दुसरा पाहिला नव्हता. बरं, टांगली तर टांगली, निदान हाकेला ओ तरी द्यावी! पण चिरंजीव जिन्याच्या तळाशी मांडीवर नवा लॅपटॉप घेऊन मान मोडल्यासारखे वाकून बसलेले. तीन हाका मारल्या की एक "हं".

जिन्याच्या कडेने लोखंडी रूळ होता आणि रुळावर विजेची खुर्ची. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून थोरलीचं वरखाली होणं त्या खुर्चीवरच. कंपनीची होती तोवर ती निमूट चालायची. पण लेकाला सुखातला जीव दुःखात घालायची हौस. त्याने तिचा बोर्ड काढून आपली चिप बसवली. आज सकाळी त्या चिपमध्ये नवा प्रोग्राम भरला, आणि दुपारी दोनला थोरली खाली उतरत असताना खुर्ची आठव्या पायरीवर थांबली ती थांबलीच. कमरेचा पट्टाही चिपच्याच हुकमातला. खुर्ची टोकाला पोचल्याशिवाय तो सुटायचा नाही.

"पट्टा काप आणि उचल मला."

"आई, जिना अरुंद आहे. दोघंही गडगडत जाऊ."

हे मात्र खरं होतं, म्हणून ती जास्तच चिडली.

सकाळचा लॅपटॉप सून वायरीसकट ऑफिसला घेऊन गेली होती. आता या नव्यावर सगळं पहिल्यापासून. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही, एवढं थोरलीला कळलं होतं. पण या वहीला चिपची अवजारं, कंपायलर का काय ती, कुठे ठेवलीत ते एकेक करून दाखवावं लागत होतं, आणि चिरंजिवांनी आधी निवडला तो वहीचा रंग. काळा. मग जरा कमी काळा.

"घर पेटलंय आणि हा बादली रंगवतोय," थोरली वरून म्हणाली.

तीनला धाकटी आली. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. दोघींनी एकोणतीस वर्षं एका घरात काढलेली. आता ती कायमची लेकीकडे परदेशी निघाली होती. चारला दारात टॅक्सी यायची. हा एवढा एक तास थोरलीने आठवडाभर जपून ठेवला होता, कारण तिला धाकटीच्या कानात एक गोष्ट सांगायची होती. फार वर्षांपूर्वी सासऱ्यांचा रेडिओ थोरलीने खोलला होता. तो परत जुळला नाही. आळ धाकटीवर आला, सासरे वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत, आणि थोरली तोंडात गुळणी धरून बसली.

आठ पायऱ्यांवरून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती, तीही पोटच्या पोरासमोर. धाकटीला दमा. दोन पायऱ्या चढली की धाप.

"मग, बॅगा भरल्या?" थोरलीने वरून विचारलं.

"भरल्या."

"स्वेटर घेतलास?"

"दोन घेतले."

"कंपायलर सापडला!" लेक ओरडला.

"हरवला होता का रे?" धाकटी म्हणाली.

साडेतीनला प्रोग्राम दुरुस्त झाला, पण आता लॅपटॉपला चिपच दिसेना. "पोर्ट येत नाहीये," असं पुटपुटत त्याने एडिटर बंद केला, उघडला, काहीतरी काढलं, तेच परत घातलं. थोरलीची नजर लॅपटॉपपासून रुळाच्या पायथ्याशी बसवलेल्या चिपच्या डब्यापर्यंत गेलेल्या पांढऱ्या वायरीवर खिळली.

"अरे, ती माझ्या टॉर्चची वायर. तिने नुसतं चार्जिंग होतं. नातीने त्याच वायरीने फोनमधले फोटो उतरवायला घेतले, एक उतरला नाही. माझ्या पिशवीतली घे."

"आई, वायरीचा काही संबंध नाही. सेटिंगचा प्रॉब्लेम आहे. तू जरा गप्प बस."

थोरलीने पिशवी मांडीवर ओढून घेतली. पट्टा पोटात रुतत होता. खाली धाकटी घड्याळाकडे बघत नसल्याचं दाखवत होती.

चारला पाच कमी असताना बाहेर हॉर्न वाजला. थोरलीने मांडीवरच्या पिशवीतून फोनची वायर काढली, गुंडाळी केली आणि नेम धरून लेकाच्या टाळक्यात मारली.

"लाव."

त्याने लावली. पोर्ट आला. त्याचे कान लाल झाले. मिनिटभरात प्रोग्राम चिपमध्ये उतरला, आणि खुर्ची नव्या नवरीसारखी पायरीपायरीने खाली आली. खट्ट करून पट्टा सुटला.

थोरली धाकटीच्या कानाला लागली. ऐकता ऐकता धाकटी खोकला येईस्तोवर हसली.

"अगं, त्या रेडिओचा स्क्रू मी तुझ्या बटणांच्या डब्यात पाहिला होता. त्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधी सांगतेस ते बघू."

पुन्हा हॉर्न. थोरलीला खूप विचारायचं होतं, पण धाकटीने तिचा हात दाबला, सोडला आणि ती गेली. टॅक्सी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत थोरली चौकटीला धरून उभी राहिली.

"चालली ना शेवटी?" मागून लेक खुर्ची थोपटत म्हणाला.

थोरली वळली. "चालली. एक तास होता माझा तिच्यापाशी, त्यातली पाच मिनिटं तू मला दिलीस. डोकं आहे तुला, कान नाहीत. उद्या कंपनीचा माणूस बोलाव आणि जुना बोर्ड बसवून घे. आणि ही तुझी चिप आण इकडे. माझ्या बटणांच्या डब्यात राहील ती."