पंखावरचा नारळ

मुलुंडच्या शेडमध्ये कमलताईंनी महायुद्धातलं एक विमान पुन्हा उभं केलं होतं. पंखांचं कापड तर सात महिने हाताने शिवलं होतं. इंजिनासाठी पैसे हवे होते, म्हणून आज बिल्डर देवेशशेठला बोलावलं. शेठने विमानाकडे पाठ करून आधी स्वतःचे फोटो काढून घेतले. असल्या भोपळ्यापुढे हात पसरणं ताईंच्या जिवावर आलं होतं.

"आधी नारळ!" म्हणत, ताई नको-नको म्हणेपर्यंत, शेठने तो पंखावरच आपटला. कापड फाडून नारळ आरपार खाली पडला, तोही न फुटता.

"एवढं कच्चं? याला पैसे कोण देणार?"

"शेठ, हे लढाईतून गोळ्या खाऊन परत आलं होतं," ताई म्हणाल्या. "तिथे तुमच्यासारखा शुभचिंतक भेटला नव्हता."