रोलरसाठी सोडलेली फट

हमरस्त्याला लागून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नवी वाट तयार झाली होती. मध्ये लोखंडी कठडा, आणि कठड्यात एकच फट. ती रोलरवाल्याच्या हट्टापायी राहिली होती. पार टोकाला जाऊन वळसा घालायचा म्हणजे रोलरची अर्धी सकाळ जायची. म्हणून कठड्याचा एक तुकडा त्यानेच शेवटपर्यंत बसवू दिला नव्हता. तोवर तिथे पिंपं उभी केली होती.

काल जेवताना त्याने धाकट्या बहिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "उद्यापासून आमच्या वाटेने जा कामाला. केसालाही धक्का लागणार नाही." मागे एका ट्रकने तिला चरात ढकललं होतं, तेव्हापासून तिने सायकलला हात लावला नव्हता. दादाच्या शब्दावर ती कशीबशी तयार झाली.

आणि आज चहा पिताना त्याला ती पिंपं दिसली. रंगाऱ्याने नुकत्याच काढलेल्या सायकलच्या चित्राभोवती ऐटीत उभी.

"ही कुठून आणलीस?"

"त्या फटीतून. रंग ओला आहे, कुणी तुडवला म्हणजे?"

"अरे शहाण्या, रंग वाचवलास, आणि माणसं?"

वाटेपलीकडे पेट्रोल पंप होता. फट मोकळी दिसताच ट्रकवाले तिथूनच आत घुसू लागले होते. वाटेवर टायरांचे ताजे ठसे होते. त्याने बहिणीला फोन लावला. तिने उचलला नाही. सायकलवर असताना फोन उचलायचा नाही, हेही त्यानेच शिकवलेलं.

पळत गेला असता तर लवकर पोचला असता, पण माणसाला पाहून ट्रक थोडाच थांबतो? त्याने रोलर सुरू केला. रोलर म्हणजे जातिवंत आळशी, गोगलगाय बरी. तो शिव्या घालत होता, हातापाया पडत होता, आणि रोलर आपल्याच चालीने चालला होता. दूरवर पिवळी ओढणी दिसली. इकडे एका ट्रकने वळायचा दिवा लावला.

रोलरचं नाक फटीत शिरलं आणि ब्रेक किंचाळले. ट्रक हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मागून घंटी वाजली. "काय रे दादा, पहिल्याच दिवशी वाटेत म्हैस बांधलीस?" बहीण हसत होती. "तू म्हणालास म्हणून एकदाही मागे वळून पाहिलं नाही हं मी!"

त्याने हातानेच 'जा' म्हटलं. ती गेली.

थोड्या वेळाने कठडेवाले तुकडा घेऊन आले. "रोलर बाहेर काढ, मग बसवतो."

"वीतभर मागे घेतो. आधी बसवा."

"अरे, मग बाहेर कुठून काढणार?"

"टोकाला वळसा घालून," तो म्हणाला.