चौदा जणांची घाई

“सर, पंधरा जणांपैकी चौदा जणांना एकदमच घाई कशी काय झाली?”

विचारलं एकदाचं! भिंगरीने हळूच स्टुडिओच्या काचेच्या दाराकडे पाहिलं. बाहेर तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी, चष्मिश आणि फटाकडी, एकमेकींना कोपराने ढोसत, तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. “पहिली तू आलीस, तुझ्यावर नाही चिडणार ते,” फटाकडी म्हणाली होती. “जा की! का नुसती ट्रॉफी घेऊन फोटो काढण्यापुरतीच शूर?” आता एवढं म्हटल्यावर भिंगरी मागे हटणार होय? गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, तीच ही भिंगरी. पण ट्रॉफी मिळाल्यापासून गेले चार दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

प्रकरण असं होतं. अंतराळात पत्रं वाटत हिंडणाऱ्या एका टपालवालीच्या कार्टून मालिकेवर अर्धी शाळा फिदा होती. या चाहत्यांच्या क्लबने स्पर्धा ठेवली. मालिकेतली दृश्यं कापायची, ढोलाच्या एका ठरलेल्या ठेक्यावर जोडायची आणि एका मिनिटाचा व्हिडिओ करायचा. थाप पडली की चित्र बदललं पाहिजे, सगळी गंमत त्यातच. परीक्षक होते स्टुडिओवाले सर. जाहिराती कापण्या-जोडण्यात वीस वर्षं घालवलेला माणूस, म्हणजे विषयच संपला. त्यांनी चौदा जणांना एकच शेरा दिला: ‘कट घाईचे. थापेच्या आधी पडतात.’ भिंगरीला मात्र: ‘अचूक! ठेका अंगातच आहे.’

भिंगरीच्या शेजारी बसणाऱ्या गोगलगायीलाही तोच घाईचा शेरा. गोगलगायीला आणि घाई! एकेक कट दहादा तपासून तिने तीन आठवडे घालवले होते. शेरा वाचून ती एवढंच म्हणाली, “मला ठेका कळतच नाही बहुतेक.” आणि तिथल्या तिथे फोनमधलं एडिटिंगचं अ‍ॅप काढून टाकलं.

सर चिडले नाहीत, उलट हसले. “बस. तुला दाखवतोच.” त्यांनी खिशातून बिनतारी इअरफोनची डबी काढली. एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला, एक तिला दिला आणि कॉम्प्युटरवर गोगलगायीचा व्हिडिओ लावला.

खरंच की! टपालवाली उडी मारायची आणि मग थाप पडायची. दार उघडायचं, मग थाप. भिंगरीच्या जिवात जीव आला. म्हणजे निकाल बरोबर होता, ट्रॉफी आपलीच!

तेवढ्यात इअरफोन ‘टुंग’ करून बंद पडले. चार्जिंग संपलं. आवाज आपोआप टेबलावरच्या वायरवाल्या स्पीकरमधून येऊ लागला, आणि भिंगरी खुर्चीत ताठ झाली. उडी आणि थाप एकत्र. दार आणि थाप एकत्र. एकही कट इकडचा तिकडे नाही!

“सर, हा तर बरोबर आहे.”

सरांच्या कपाळावर आठी चढली. “हं. बिनतारी आवाज जरा उशिरा पोचतो कधीकधी.”

“मग माझा लावा ना.”

लावला. थाप आधी, चित्र मागाहून. घंटा होऊन गेल्यावर दप्तर सावरत वर्गात शिरणाऱ्या मुलासारखं प्रत्येक दृश्य उशिरा येत होतं. एक मिनिट संपता संपेना. भिंगरीला काय झालं ते कळलं आणि तिचे कान तापले. आई घरूनच काम करते, दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. घरात आवाज नको म्हणून भिंगरीने सगळा व्हिडिओ बिनतारी इअरफोन लावूनच केला होता. उशिरा येणाऱ्या थापेवर कट बसवले, ते सरांनी तसल्याच इअरफोनवर पाहिले. तिची चूक आणि त्यांची चूक एकमेकींशी बरोब्बर जुळल्या. बाकी चौदा जण उगीच भरडले गेले.

“पण सर, तुमच्याकडे एवढे मोठे स्पीकर आहेत...”

“ते कामासाठी, बेटा. जाहिरात असती तर यांच्यावरच ऐकली असती. हे मी घरी सोफ्यावर पडल्या पडल्या, हेच इअरफोन लावून पाहिलं. मुलांचंच तर होतं.”

मुलांचंच तर! भिंगरीच्या डोक्यात सणक गेली.

“सगळे परत बघाल?”

“निकाल लागलाय, प्रमाणपत्रं वाटून झालीत. आता कशाला उकरून काढायचं?” सर दुसऱ्या खिडकीवर क्लिक करत म्हणाले. “आणि तुझं काय जातंय? तू तर पहिली आहेस.”

“चौदा जणांना एकच शेरा लिहिताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की आपलंच काहीतरी चुकत असेल?”

“वीस वर्षं झाली मला या धंद्यात.”

“म्हणूनच विचारतेय!”

सरांनी खुर्ची स्क्रीनकडे वळवली. जाहिरातीचं काम सुरू झालं, मोठ्या स्पीकरवर.

बाहेर फटाकडीने टाळीसाठी हात पुढे केला. “जिंकलीस पैज!” भिंगरीने टाळी दिली नाही. रस्त्यात तिने सगळं सांगितलं, तेव्हा चष्मिश म्हणाली, “गप्प बस ना मग. आपल्या तिघींशिवाय कुणाला कळणारे?” भिंगरीला इतका राग आला, की आपण सरांवर चिडलोय, चष्मिशवर की स्वतःवर, तेच तिला कळेना. सगळ्यात वाईट म्हणजे गप्प बसावंसं तिलाही वाटत होतं.

घरी ट्रॉफी फ्रिजवर विराजमान होती. बाबा फोनवर आत्याला सांगत होते, “ठेका अंगातच आहे म्हणाले! आपल्याकडे कुणाच्या अंगात होता गं?”

भिंगरीने ट्रॉफी खाली उतरवली. आईने कानावरचा हेडफोन बाजूला केला. “काय झालं? चेहरा का असा?”

भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. बाबांनी फोन ठेवला. “अगं, पण चूक त्यांची ना? मग तू का जिवाला लावून घेतेस?”

“त्यांची आहेच! पण ते करणार नाहीयेत काही. आणि तिकडे गोगलगायीने अ‍ॅप काढून टाकलंय, बाबा. तिला वाटतंय तिलाच ठेका कळत नाही.”

“सगळे हसतील तुला,” आई हळूच म्हणाली.

“हसू देत.” आवाज कापला, पण थांबला नाही. “मी ठरवलंय. उद्या ट्रॉफी क्लबच्या टेबलावर परत ठेवणार. पंधराही व्हिडिओ वायरच्या स्पीकरवर सगळ्यांसमोर लावणार, माझा सगळ्यात आधी. मग क्लबनेच ठरवावं पहिलं कोण ते. आणि बाबा, आत्याला तुम्हीच सांगा. मला नाही जमणार!”