पायरीवरचा तपकिरी पंजा

त्या सकाळी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोहायला मात्र कोणी आलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे शिडीखालच्या पांढऱ्या फरशीवर खिळले होते. तिथे पाण्याच्या रेषेला लागून एक तपकिरी डाग उमटला होता. तळवा आणि वर बोटं, हुबेहूब माणसाचा पंजा. स्वतःला जलगुरू म्हणवणाऱ्या एका बाबांनी चिमूटभर ‘शांतिचूर्ण’ घेऊन त्यावर चोळलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, आणि बघता बघता पंजा नाहीसा झाला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. पुरुषांनी मोबाइल वर धरले.

“पाण्याला आठवण असते,” जलगुरू म्हणाले. “तुम्ही त्यात विष ओतता. ते हात पसरून दया मागतं.”

विष म्हणजे क्लोरीन. त्याचाही पुरावा गुरूंच्या खिशात होता. एका कुपीतले थेंब त्यांनी पेलाभर तलावाच्या पाण्यात टाकले, पाणी पिवळं झालं. दुसऱ्या पेल्यात आधी चूर्ण आणि मग थेंब, पाणी होतं तसंच. विष उतरलं! तलावाच्या कडेने जी चिकट काळपट रेघ धरली होती, तिला ते ‘पाण्याचं आभामंडल’ म्हणाले. ती आपल्याच अंगाच्या तेलाची आणि क्रीमची रेघ होती. पण आभामंडल म्हटल्यावर घासणार कोण? आमचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनियर. जन्मभर पूल बांधले, आणि इथे एका चिमटीत वाहून गेले. त्याच दिवशी क्लोरीनचे डबे कुलपात गेले आणि सोसायटीने दरमहा चूर्ण घ्यायचं ठरवलं.

थोड्याच दिवसांत पाण्याला हिरवट झाक आली, पायऱ्या बुळबुळीत झाल्या. गुरू म्हणाले, पाणी पुन्हा जिवंत होतंय. ते खरंच होतं. त्यात काय काय जिवंत झालं होतं, ते माझ्या मुलीच्या कानाला विचारा.

तिला आम्ही बेडकी म्हणतो, कारण नीट चालायच्या आधी ती तरंगायला शिकली. तिचा कान फुटला. दुखणारी बाजू वर करून ती दिवसभर माझ्या मांडीवर पडून राही आणि मी फुंकर घातली की तेवढ्यापुरतं रडणं थांबवी, जणू माझ्यासाठीच. डॉक्टरांनी कानात घालायला औषध दिलं, चघळायला क जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्या दिल्या आणि बजावलं, की त्या घाण पाण्याचा थेंबही कानात जाता कामा नये, नाहीतर ऐकू येण्यावर बेतेल.

जलगुरूंनी सासूबाईंना वेगळंच सांगितलं. कान वाहतोय म्हणजे विष बाहेर पडतंय. रविवारी पोरीला सगळ्यांसमोर डुबकी द्या, कान कोरडा होईल. सासूबाई वाईट नाहीत. नातीच्या दुखण्याने त्या हवालदिल झाल्या होत्या, आणि अशा लोकांचा धंदा हवालदिल माणसांवरच चालतो. मी नाही म्हटलं तर त्या म्हणाल्या, तुमचे डॉक्टर तरी कुठे बरं करतायत. नवरा ‘तुम्ही दोघी काय ते ठरवा’ म्हणून मोकळा झाला.

रविवारी सासूबाई बेडकीला घेऊन निघाल्याच, म्हणून मीही गेले. पुन्हा तीच गर्दी. उथळ बाजूच्या पायरीवर, कठड्याच्या खाली, दुसरा एक पंजा होता. तो गुरूंनी मुद्दाम राखून ठेवला होता. आधी पंजा पुसायचा, मग बेडकीची डुबकी. पाणी जरा उतरल्यामुळे ती पायरी उघडी पडली होती. मी बेडकीला घट्ट धरून पायरीच्या काठावर बसले. तिने रडू नये म्हणून आंबट गोळी दिली. गुरूंचं प्रवचन रंगलं, लांबलं, आणि माझं लक्ष क्षणभर ढळलं.

“हाताला खाऊ दिला,” बेडकी म्हणाली.

नको झालेली गोळी तोंडातून काढून तिने पंजाच्या तळव्यावर चिकटवली होती. मी ती खरवडली. खाली गोळीएवढा पांढराशुभ्र गोल होता.

मी वर पाहिलं. कठड्याचा बोल्ट गंजून लाल झाला होता आणि त्यातून ओघळ थेट पंजावर उतरत होता. लोखंडाचा गंज. वर ज्या धारा आल्या त्यांची बोटं झाली, खाली साचला त्याचा तळवा. आणि तो घालवायला आंबट गोळी पुरली.

मी पिशवीतली गोळी चुरडून पंजाच्या एका बोटावर चोळली. बोट गेलं. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

“तिच्या हातून माझीच शक्ती काम करतेय,” जलगुरू म्हणाले.

मी कडेच्या शॉवरच्या नळाचं, म्हणजे आपण घरात पितो तेच पाणी दोन पेल्यांत घेतलं. एकात गोळीचा चुरा टाकला आणि गुरूंच्या पुढ्यातली कुपी उचलून सेक्रेटरींच्या हाती दिली. त्यांनी दोन्हींत थेंब टाकले. साधं पाणी पिवळं झालं. गोळीचं झालं नाही.

“म्हणजे पिवळं होतं ते जंतू मारणाऱ्या क्लोरीनमुळे,” सेक्रेटरी सावकाश म्हणाले. इंजिनियर जागा झाला होता. “आणि ही आंबट पूड, गोळी काय नि चूर्ण काय, क्लोरीनच मारते.”

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून गोळी घेतली, पायरीवर बसल्या आणि उरलेली बोटं स्वतः घासून काढली. मग पदराला हात पुसत उठल्या.

“गुरुजी, आधी तुम्ही डुबकी मारा. डोकं, कान, सगळं आत.”

जलगुरूंनी हिरव्या पाण्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्यांनी आपला अंगठाही त्यात बुडवला नव्हता, हे तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं. आज माझा जलत्यागाचा दिवस आहे, ते म्हणाले.

“मग माझी नात काय रस्त्यावर पडलीय?” सासूबाई म्हणाल्या, आणि बेडकीला माझ्याकडून घेऊन घराकडे चालू लागल्या.

क्लोरीन सुरू झाल्यावर फरशीवर पुन्हा तपकिरी झाक आली, आणि काही शहाण्यांनी लगेच जलगुरूंना फोन लावला. पण चूर्णाने गंज पाण्यात विरघळला होता, गेला नव्हता. क्लोरीन पडताच तो परत फरशीवर बसला, एवढंच. बोल्ट बदलले, पाण्यातलं लोखंड बांधून ठेवणारं औषध घातलं, पंजा परतला नाही. आभामंडल खाण्याच्या सोड्याने आणि स्पंजने निघालं. बेडकीचा कान डॉक्टरांच्या औषधाने कोरडा झाला. आता ती पाण्यात उतरण्याआधी सासूबाई पेल्यात थेंब टाकून पाणी पिवळं होतंय ना, ते बघतात.

तुमच्याही भिंतीवर, फरशीवर, पाण्यावर कधी काही उमटेल, आणि कोणीतरी डोळे मिटून त्याचा अर्थ सांगायला येईल. त्याला खुशाल बोलू द्या. पण हात जोडण्याआधी ते एकदा स्वतः घासून बघा.