आप्पांचा संशय, कमळाकाकूंची धाप

"गेल्या सालच्या उरलेल्या बाटल्या संपवायच्या असतील, म्हणून आलीस काय गो?"

देवरूखजवळच्या वाडीत आशासेविका दर्शना उद्याच्या फ्लूच्या लसीचं सांगायला आली, तेव्हा तिचं आप्पांनी हे असं स्वागत केलं. आप्पांच्या पत्नीला, कमळाकाकूंना, जुना दमा. गेल्या वर्षी त्यांनी लस घेतली, तरी ताप आलाच. तेव्हापासून आप्पांचा दर्शनावरचा विश्वास पार उडाला होता. यंदा काकूंना पाठवायचं नाही, हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"एकदा टोचली ती खरी असती, तर परत कशाला? कायतरी काळंबेरं हाय यात!"

अंगणात नमनाच्या खेळाची तालीम चालली होती. तेवढ्यात नवा मुखवटा आणि नवा झगा घालून खेळातलं संकासुराचं सोंग नाचत आलं. आप्पांचा कुत्रा भुंकत त्या सोंगाच्या अंगावर धावला.

"गप रे! रोजचा धाकू हाय तो!" आप्पा ओरडले.

"तुम्ही कसं ओळखलंत?" दर्शनाने विचारलं.

"चाल बघ की. डावा पाय ओढतो."

"कुत्रा नव्या झग्याला फसला. फ्लूचा विषाणू असाच आहे, आप्पा. शरीर त्याला मुख्यतः वरच्या प्रथिनांवरून ओळखतं, आणि तीच तो बदलत राहतो. जुन्या लसीने शरीराला जुना झगा दाखवला, यंदाची नवा दाखवते. आतलं थोडं तसंच राहतं, धाकूच्या चालीसारखं. म्हणून जुनी ओळखही थोडी उपयोगी पडते. ताप येणारच नाही, असं मी म्हणत नाही. पण दुखणं छातीत उतरायचा धोका कमी होतो."

"शिकवून पाठवलेलं दिसतंय तुला!"

"शिकवलंच आहे! बाटलीवरची तारीख वाचा, डॉक्टरांना विचारा. पण उत्तर ऐकायच्या आधी काकूंची वाट अडवू नका!"

दारात बसलेल्या कमळाकाकू उठल्या. "अवो, धाप मला लागते. गेल्या सालच्या आदल्या साली लस घेतली नव्हती, तेव्हा बारा दिवस इस्पितळात होते. गेल्या साली चार दिवसांत उठले. मला कोणी विचारलं काय?"

आप्पा खाली बघू लागले. खरंच, सगळ्या जगावर संशय घेतला, पण बायकोला एक प्रश्न विचारला नव्हता! त्यांना मनापासून लाज वाटली.

"तुझं काय म्हणणं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी जाणार."

"मग मी पण येतो. डॉक्टरला चार प्रश्न विचारीन मात्र!"

"दहा विचारा," दर्शना हसली.

मित्रहो, संशय घ्यायला कुणाची हरकत नाही. तपासणारा संशय माणसाला शहाणं करतो. पण आपण तपासतही नाही आणि दुसऱ्याच्या श्वासाचा निकाल लावून मोकळे होतो. आधी विचारा! डॉक्टरांना विचारा, आणि जिला धाप लागते तिलाही विचारा.